आपलाच चेहरा विकत घेण्याविषयी

व्यापाराचे शास्त्र मुळात साधे आहे. विकणाऱ्याजवळ वस्तू असते, घेणाऱ्याजवळ तिची गरज अथवा हौस असते, आणि दोघांच्या संमतीने मोबदला ठरून वस्तू या हातातून त्या हातात जाते. यांतील 'संमती' हा शब्द काढून टाकला म्हणजे जे उरते त्यास व्यापार म्हणावे की दुसरे काही, हा प्रश्न नीतीचा विचार करणारांस फार जुना आहे. परंतु त्याचे एक अगदी नवे उदाहरण हल्ली समुद्रावर पाहावयास मिळते. प्रवाशाने मागितली नसता त्याच्या मुखाची प्रतिमा आधी टिपून घ्यावयाची, ती चारचौघांत मांडावयाची, आणि मग ती त्यालाच वीस-वीस डॉलरांस विकावयाची, असा हा उद्योग आहे. केवळ विहारासाठी फिरणाऱ्या ज्या प्रचंड जहाजांस आता सर्वत्र क्रूझ म्हणतात, त्यांवर तो राजरोस चालतो. तो करणाऱ्यास कोणी दोष देत नाही. खिसा हलका झालेला प्रवासीच 'आठवण म्हणून घेतला, झाले' असे म्हणून हसत हसत मोकळा होतो.

एका फोटोवरून इतका गहजब कशाला, असे कोणी विचारील. एके काळी हा प्रश्न आपल्या लोकांपुरता खरोखरच दूरचा होता. परंतु आज परदेशी स्थायिक झालेले चिरंजीव आईवडिलांस अलास्का अगर कॅरिबियन बेटे दाखवावयास याच जहाजांतून नेतात. सहली काढणाऱ्या कंपन्या सिंगापुरास गेलेल्या मंडळीस दोन-तीन रात्री अशाच जहाजावर ठेवतात. आणि २०२१ पासून तर मुंबई बंदरातूनच गोवा व लक्षद्वीप यांकडे जाणारे विहाराचे जहाज सुटू लागले आहे. तेव्हा ज्यांच्यासाठी आम्ही लिहितो त्या सुशिक्षित कुटुंबांपुढे हा बाजार आज ना उद्या उभा राहणारच. पुढील वर्णन मुख्यत्वे अमेरिकन बंदरांतून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांचे आहे, कारण ही विद्या तेथेच पूर्णत्वास पोचली. परंतु विद्येस बंदराची अडचण नसते.

ही विद्या उपजली कशी, हे समजण्यास थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. केवळ विहारासाठी म्हणून बांधलेले पहिले जहाज 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे' हे होय. हांबुर्ग येथील एका कंपनीने ते १९०० साली पाण्यात सोडले. तथापि त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ बहुतेक लोक समुद्रप्रवास करीत तो कोठे तरी पोचण्यासाठी. १९५८ साली जेट विमाने प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडू लागली आणि पोचण्यासाठी जहाजात बसण्याचे कारण उरले नाही. तेव्हा जहाजवाल्यांनी पोचविण्याचा धंदा सोडून फिरविण्याचा धरला. रॉयल कॅरिबियन ही कंपनी १९६८ साली निघाली, कार्निव्हल १९७२ साली. श्रीमंतांची ही चैन मध्यम स्थितीतल्या माणसाच्या आवाक्यात आणावयाची तर भाडे उतरविणे भाग होते. आणि भाडे उतरवून नफा राखावयाचा तर प्रवासी एकदा जहाजावर चढला की त्याच्याकडून दुसऱ्या वाटांनी पैसा काढणे भाग होते. या वाटा किती रुंद आहेत याची कल्पना एका आकड्यावरून येईल. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या २०२३ सालच्या सुमारे २१.६ अब्ज डॉलरांच्या उत्पन्नापैकी सुमारे ७.५ अब्ज, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक, तिकिटांचे नसून जहाजावरील व इतर विक्रीचे आहे. मद्य, जुगार, किनाऱ्यावरील सहली, दुकाने यांच्या पंक्तीत फोटोंची विक्रीही या कंपनीच्या हिशेबात नावानिशी बसलेली असते. तेव्हा कॅमेरा घेऊन पुढे येणारा तो हसतमुख तरुण आपल्या आनंदात सहभागी होण्यास आला आहे, अशा भ्रमात प्रवाशाने राहू नये. तो वसुलीस आला आहे.

ही वसुली कशी होते ते क्रमाने पाहू. जहाजावर चढण्यापूर्वी सामानाची तपासणी, पारपत्राची तपासणी, आणि ओळख पटविण्यासाठी प्रत्येकाच्या चेहऱ्याचे एक चित्र घेणे, हे सोपस्कार असतात. हे चित्र सक्तीचे असते आणि ते योग्यच आहे. बंदर पाहून परत येणारा मनुष्य तोच की दुसरा, हे दरवाजावरील पहारेकऱ्यास त्यावाचून कळावे कसे? परंतु त्या रांगेतून सुटलेला प्रवासी चार पावले जातो न जातो तोच दुसरा कॅमेरा त्याच्यापुढे उभा राहतो. मागे जहाजाचे चित्र रंगविलेला पडदा, हाती धरावयास जहाजाचे नाव लिहिलेले तरंगते कडे, आणि 'इकडे पाहा, जवळ या, हसा' अशी प्रेमळ आज्ञा! हा दुसरा फोटो मुळीच सक्तीचा नसतो. पण लांबचा प्रवास करून थकलेल्या, मुलेबाळे आणि सामान सांभाळणाऱ्या गृहस्थास तो तपासणीचाच एक भाग वाटतो आणि तो निमूटपणे उभा राहतो. सक्तीच्या गोष्टीशेजारी ऐच्छिक गोष्ट अशा बेताने मांडावयाची की ऐच्छिकही सक्तीची भासावी, ही या बाजाराची पहिली युक्ती होय.

पुढे प्रवासभर तिचीच आवर्तने चालतात. भोजनास बसावे तर घास हातात असता कॅमेरा टेबलाशी हजर. बंदरावर उतरावे तर शिडीच्या पायथ्याशी कोणी समुद्री चाच्याचा, कोणी डॉल्फिन माशाचा वेश घेऊन उभा. तो खांद्यावर हात टाकतो न टाकतो तोच बाजूस खटका उडतो. उंची पोशाख करून भोजनास येण्याची म्हणून एखादी रात्र ठरलेली असते. त्या रात्री तर मोठ्या जिन्याच्या आजूबाजूस पडदे, दिवे आणि रांगा यांची जत्राच भरते. 'नको' म्हणावयास मनाई नसते, हे खरे. परंतु मागची रांग खोळंबलेली असते, मुले अगोदरच पडद्यापुढे जाऊन उभी असतात, आणि ज्याने हसून बोलाविले त्यास झिडकारणे सभ्य मनुष्याच्या जिवावर येते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. येथे दुसऱ्याच्या भिडेवर तिसराच श्रीमंत होतो, एवढीच त्या म्हणीत भर घालावयाची.

मग येतो या नाटकाचा दुसरा अंक. जहाजाच्या मध्यभागी, येण्याजाण्याच्या हमरस्त्यावर, फोटोंचे दालन असते. कित्येक वर्षे तेथे काढलेला प्रत्येक फोटो छापून फळ्यांवर लावीत. ज्याने त्याने हजारो अनोळखी चेहऱ्यांतून आपला चेहरा हुडकून काढावा. आता पुष्कळ ठिकाणी फळ्यांच्या जागी पडदे आले आहेत, परंतु रीत तीच. छापील फोटोचा भाव साधारणतः वीस डॉलर किंवा त्याहून अधिक, म्हणजे आपल्या चलनात दीड हजार रुपयांहून जास्त. आणि साऱ्या सफरीतले सर्व फोटो एकदम घ्यावयाचे तर रक्कम शेकड्यांत जाते. हा भाव खटका दाबताना कोणी बोलत नाही. त्यातून जहाजावर रोख पैसा चालत नाही; खोलीचे दार उघडणारे जे कार्ड, तेच दाखवून खर्च खात्यावर टाकावयाचा. नाणे हातातून सुटताना मनास जी एक कळ येते, तीच मनुष्यास उधळपट्टीपासून वाचविणारी असते. ती कळच येथे नाहीशी केलेली असते. शेवटच्या रात्री या दालनात गर्दी उसळते. कारण उद्या जहाज धक्क्यास लागणार आणि न विकले गेलेले फोटो नष्ट होणार, हे सर्वांस ठाऊक असते.

येथे आमच्या मुख्य आक्षेपाशी आम्ही येऊन पोचलो. फोटो विकणे हा गुन्हा नव्हे. मुंबईस गेटवे ऑफ इंडियापाशी गळ्यात कॅमेरा अडकवून आणि हातात नमुन्याचे फोटो धरून हिंडणारे छायाचित्रकार आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असतील. ते आर्जव करतात, पाठ धरतात, कधी कधी जीवही नकोसा करतात. परंतु ते आधी विचारतात, भाव सांगतात, आपण होकार दिल्यावर खटका दाबतात, आणि थोड्याच वेळात फोटो हाती ठेवतात. त्यांस नकार देणाऱ्याचे काही जात नाही. त्याचा चेहरा त्याच्याजवळच राहतो. जहाजावर हा क्रम उलटा केलेला आहे. तेथे माल आधी तयार होतो, आणि तो माल म्हणजे घेणाऱ्याचाच चेहरा असल्यामुळे नकाराचा अर्थच बदलतो. गेटवेवर 'नको' म्हणणे म्हणजे एक वस्तू न घेणे. जहाजावर 'नको' म्हणणे म्हणजे आपल्या म्हाताऱ्या आईचा हसरा चेहरा, मुलीचा नवा झगा, पत्नीने हौसेने घातलेली नथ, हे सारे कचऱ्याच्या पेटीत टाकण्यास संमती देणे. असे कोणाच्याने होणार? तेव्हा वीस डॉलर मोजले जातात ते कागदाचे नव्हेत, छायाचित्रकाराच्या कलेचेही नव्हेत. आपल्याच माणसांस फेकून दिल्याचा जो डंख मनास बसेल तो टाळण्याचे ते मोल आहे. हा डंख मनुष्याच्या मनात निसर्गाने ठेवला, आणि त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार कंपनीने घेतला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने ज्याच्या हाती कॅमेरा त्याच्या मालकीचा चेहरा, असा नवा कायदा समुद्रावर अमलात आलेला आहे.

याच्या समर्थनार्थ जे बोलले जाते तेही पाहू. पहिले समर्थन असे, की कोणावर बळजबरी नाही. घ्यावयाचा तर घ्या. परंतु बळजबरी फक्त दंडुक्यानेच होते हा समज कायद्याच्या पुस्तकापुरता ठीक आहे. संकोच, थकवा, मुलांचा हट्ट आणि उद्या सारे नष्ट होणार ही घाई, हे चार पाश पद्धतशीर योजून टाकलेले असता त्यांतून झालेल्या खरेदीस निखळ स्वेच्छा म्हणणे म्हणजे जाळ्यात सापडलेला मासा स्वखुषीने वर आला असे म्हणण्यासारखेच आहे.

दुसरे समर्थन असे, की याच विक्रीमुळे भाडे स्वस्त राहते. ज्यास फोटो नको त्यास उलट फायदाच आहे. हे बोलणे वरवर चतुर दिसते. याचा सरळ अर्थ एवढाच, की ज्याचे मन हळवे त्याच्या खर्चाने ज्याचे मन कठोर त्यास स्वस्तात फिरवावयाचे! आजीसह सारे घर घेऊन निघालेला गृहस्थ येथे अधिक देणार, आणि एकटा फिरणारा उडाणटप्पू कमी देणार. कौटुंबिक जिव्हाळ्यावर बसविलेली ही पट्टी आहे. भाडे वाढवावयाचे असेल तर उघडपणे वाढवा; गृहस्थ घरी बसून हिशेब करील आणि यावयाचे की नाही ते ठरवील.

तिसरे समर्थन मात्र विचार करण्याजोगे आहे. सर्व कुटुंब एका चौकटीत येईल असा चांगला फोटो घरच्या घरी निघत नाही; काढणारा नेहमीच बाहेर राहतो. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली शंभर चित्रे निघतील असा कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरांस विकावयास काढला आणि १९०० साली एका डॉलरात 'ब्राउनी' दिला, तेव्हापासून प्रत्येक मनुष्य आपला आपण छायाचित्रकार झाला. आता तर कॅमेरा फोनातच बसला आहे. तरीही घराघरांतून असे गठ्ठे सापडतात की ज्यांत वडील कोठेच नाहीत, कारण ते कायम कॅमेऱ्यामागे. ही उणीव खरी आहे, आणि कोणी आपण होऊन वेळ ठरवून, भाव विचारून, कुशल छायाचित्रकाराकडून कुटुंबाचे चित्र काढवून घेईल तर त्यात आम्हांस काडीचाही दोष दिसत नाही. असे बेतशीर काम जहाजांवरही होते आणि त्यातील चांगले काम मोलाचे असते. आमचा वाद छायाचित्रणाशी नाही, न विचारता केलेल्या छायाचित्रणाशी आहे. शिवाय या उणिवेवर एक फुकटचा उपायही आहे. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थास 'आमचा एक काढता का?' असे विचारावे आणि मग त्याचाही काढून द्यावा. अशा दोन वाक्यांतून प्रवासात ओळखी होतात, पत्ते घेतले जातात. माणसाने माणसाकडे करावयाची ही लहानशी विनंती मोडून काढून तेथे दुकान मांडणे, हा तोटा कोणत्याच हिशेबात येत नाही.

तोट्याचे बोलावयाचे तर आणखी एक गोष्ट वाचकांस कळली पाहिजे. कोणी मागितले नाहीत असे फोटो हजारोंनी काढावयाचे म्हणजे त्यांतील पुष्कळ फुकट जावयाचेच, आणि हे फुकट जाणे धंद्याच्या रचनेतच धरलेले असते. जोवर हे फोटो रसायनांत धुऊन निघत, तोवर त्या रसायनांचा प्रश्न कागदाहूनही मोठा होता. १९९९ सालच्या जुलैत रॉयल कॅरिबियन कंपनीने अमेरिकन न्यायालयात एकवीस गुन्ह्यांची कबुली देऊन १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. तेलकट सांडपाणी समुद्रात सोडणे आणि त्याविषयी तटरक्षकांशी खोटे बोलणे हे त्यांतील मुख्य आरोप. परंतु जहाजावरील फोटो धुण्याच्या यंत्रांतून निघणारी घातक द्रव्ये पाण्यात सोडल्याची कबुलीही त्यातच होती. ज्या निळ्या पाण्याची आठवण म्हणून फोटो विकावयाचा, त्याच पाण्यात तो फोटो धुतल्याची घाण ओतावयाची! याहून बोलका उपरोध आम्हांस तरी रचता आला नसता. आता रसायने गेली, डिजिटल तंत्र आले. परंतु नवे तंत्र आपली नवी चिंता बरोबर घेऊन आले आहे. हजारो चित्रांतून प्रत्येकाची चित्रे निवडण्यासाठी कित्येक मोठ्या जहाजांवर यंत्रास चेहरे ओळखावयास शिकविले आहे. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीस निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर खोलीस दोन असे धरले तरी ५,६०० हून अधिक प्रवासी मावतात. एवढ्या लोकसंख्येच्या तरत्या गावांत चेहऱ्यांची अशी वही तयार होणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. ती वही किती दिवस ठेवणार, कोणास दाखविणार, हे किती प्रवासी विचारतात? युरोपात २०१८ पासून ओळख पटविण्यासाठी वापरलेली चेहऱ्याची मापे विशेष जपावयाच्या माहितीत मोडतात. आपल्याकडेही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. मुलाच्या फोटोसाठी हौसेने यंत्रापुढे तोंड धरणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

हे सारे लिहिताना त्या कॅमेरेवाल्या तरुणावर आमचा रोख नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो महिनोन् महिने घरापासून दूर असतो, आणि त्याचे हसणे त्याच्या नोकरीचा भाग असते. गोव्यातील कित्येक घरांच्या चुली अशाच जहाजांवरील नोकऱ्यांवर पेटतात. त्याच्याशी उद्धटपणे वागून प्रवाशाने आपला राग काढणे म्हणजे घोड्यावर चिडून लगामास चावणे होय. ज्यांनी त्यास रस्ता अडवावयास उभे केले त्यांस प्रश्न विचारले पाहिजेत.

आणि आता ज्या गोष्टीमुळे आम्हांस लेखणी हाती घ्यावीशी वाटली ती. उंची पोशाखाच्या रात्री जे पडदे टांगतात त्यांवर पुष्कळदा सूर्यास्त रंगविलेला असतो. भर समुद्रात, चहूकडे क्षितिज मोकळे असता, दिव्यांनी उजळलेल्या दालनात कापडावरच्या सूर्यास्तापुढे माणसे रांग लावून उभी राहतात. आणि भिंतीपलीकडे, पन्नास पावलांवर, खरा सूर्य कोणी पाहिला न पाहिला असा पाण्यात उतरून जातो. पडद्यावरचा सूर्य मावळत नाही, ढगाआड जात नाही, ठरल्या वेळी ठरल्या उजेडात सापडतो. म्हणून तो विक्रीस सोयीचा. असा फोटो घरी आला म्हणजे त्यात कोणते वर्ष, कोणता समुद्र, कोणती हवा, यांतले काय असते? त्याच पडद्यापुढे त्याच हातवाऱ्यात त्या रात्री उभ्या राहिलेल्या शेकडो कुटुंबांच्या भिंतींवर तेच चित्र असते. फक्त चेहरे निराळे. आठवण म्हणजे दुसऱ्या कोणाजवळ नाही असे काही आपल्याजवळ असणे. वाऱ्याने उडालेला पदर, अर्धवट मिटलेले डोळे, कोपऱ्यात कोणाचे तरी बोट आलेले, असा वेडावाकडा फोटोच वीस वर्षांनी घरात हशा पिकवितो आणि डोळ्यांत पाणीही आणतो.

कंपन्यांकडे आमची मागणी अवघड नाही. खटका दाबण्यापूर्वी विचारा, आणि त्याच वेळी भाव सांगा. ओळख पटविण्याचा कॅमेरा व विक्रीचा कॅमेरा यांत पुरेसे अंतर ठेवा, आणि दुसऱ्यावर 'ऐच्छिक' अशी पाटी लावा. चेहरे ओळखणारे यंत्र ज्याने स्पष्ट होकार दिला त्याच्यापुरतेच चालवा, आणि सफर संपताच ती वही पुसून टाका. यांतील एकाही गोष्टीने जहाज बुडणार नाही.

आणि वाचकहो, कंपन्या हे करीत तोवर आपल्या हाती एक शब्द आहेच. कॅमेरा पुढे आला म्हणजे नमस्कार करून, हसून, 'नको' म्हणावे आणि चालते व्हावे. यात कोणाचा अपमान नाही. तोच शब्द पहिल्या दिवशी शिडीवर म्हटला तर फुकट पडतो. शेवटच्या रात्री दालनात म्हणावयाचा झाल्यास त्याची किंमत वीस डॉलर होते.